जित्त्या माणसाचा फ्लेक्स

"ह्यो फोटू कुणी लावला रं हितं?" शालूबाई दवाखान्याच्या गेटवरच कडाडली. चहासाठी आणलेली किटली तिनं तिथंच आदळली.

गेटच्या डाव्या अंगाला एक फ्लेक्स, उजव्या अंगाला दुसरा. दोन्हींवर तिचा नवरा ज्ञानू, गळ्यात छापील हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली पुढाऱ्यांचे फोटो, तेही ज्ञानूपेक्षा मोठे. आणि ज्ञानू? तो तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात श्वास घेत पडला होता. आत्ताच तर तिनं त्याचे ओठ ओल्या कापसानं पुसले होते.

नवरा-बायको दोघंही याच सरकारी दवाखान्यात. तो वॉर्डबॉय, ती आया. आदल्या दुपारी पाणी गेलं. प्लंबरची जागा रिकामीच, म्हणून साहेबांनी ज्ञानूला गच्चीवरच्या टाकीवर चढवलं. शिडीची गंजकी पायरी मोडली आणि ज्ञानू डोक्यावर आपटला. संध्याकाळी वॉचमननं कुणालातरी सांगितलं, "ज्ञानू वर गेला." तिसऱ्या मजल्यावर नेलं, एवढंच बिचाऱ्याला म्हणायचं होतं. पण दवाखान्यात संघटना दोन, एकजूट आणि संघर्ष. ज्यांचे सभासद जास्त त्यांनाच सरकारची मान्यता मिळणार होती. मग खात्री करत कोण बसतो? दोघंही फ्लेक्सवाल्याकडं पळाले. तीन जिने चढून बघायला एकाच्या पायात बळ नव्हतं, मेल्यांच्या!

"गणपतराव, आमचं मालक जित्तं हायती!"

एकजूटचे गणपतराव गेटच्या आत घातलेल्या आपल्या मांडवात खुर्चीवर बसले होते. त्यांनी आधी समोरच्या, संघर्षच्या मांडवाकडं पाहिलं, मग शालूबाईकडं.

"वहिनी, हळू बोला की जरा. झाली आसंल चूक. पर आता काम बंद पुकारलंय. तेंच्यासाठीच की!"

"आदी त्यो फोटू काढा."

"त्या धैर्यशीलला काढू दे पयला. मग आमी काढतो."

समोरून संघर्षचा धैर्यशील कर्ण्यावर ओरडत होता, "शहीद ज्ञानू पोवार!" आणि दोन्ही मांडव एकदम, "अमर रहे!" आवाज कुणाचा मोठा, याचीच चढाओढ.

तेवढ्यात डॉक्टर मीनाक्षी धावत खाली आल्या. "शालूबाई, डोक्यात रक्त साकळलंय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला न्यायचंय, समोरच्या इमारतीत. ट्रॉली ढकलायला एक वॉर्डबॉय मामा नाही वर!"

कुठून असणार? सगळे मामा मांडवात बसले होते. ज्ञानूसाठी.

मग शालूबाईनंच ट्रॉली ढकलली. डॉक्टरबाईंनी सलाईनची बाटली उंच धरली. समोरच्या इमारतीची वाट दोन मांडवांच्या मधूनच होती. "अमर र..." घोषणा अर्ध्यावर तुटली. शहीद पांघरुणाखाली धापा टाकत होता.

"बगा, डोळं फोडून बगा! जित्ता हाय माजा मालक! सरका बाजूला!"

ट्रॉलीचं चाक फरशीच्या खाचेत अडकलं. ज्ञानूच्या जोडीनं रोज काम करणारा बंडू उठला. गणपतरावांनी त्याचा सदरा मागून ओढला. "बस खाली. आपला माणूस कामाला लागलेला दिसला की संघर्षवालं जितलं."

आणि बंडू बसला! शालूबाईला नवऱ्याच्या पडण्यापेक्षा बंडूचं ते बसणं जास्त लागलं. तिनं अंगातला सगळा जोर लावून चाक उचललं आणि ट्रॉली पुढं नेली.

ज्ञानू वाचला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली, पण वाचला. त्याच संध्याकाळी दोन्ही मांडव उठले. शहीद झाला असता तर तो दोघांचा होता, जित्ता ज्ञानू कुणाच्याच कामाचा नव्हता. एकजणही बघायला फिरकला नाही. शिडीचं तर कुणी नावही काढलं नाही.

शालूबाई पुन्हा कामावर आली, तेव्हा एक दिवस सकाळीच पाणी गेलं. ती गच्चीवर गेली. मोडक्या पायरीच्या जागी सुतळी बांधलेली, आणि बंडूचा पाय शिडीवर.

"उतर."

"वहिनी, सायबानं सांगिटलंय..."

"उतर म्हन्ते न्हवं!"

बंडू उतरला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती. सायकल स्टँडमागं दोन्ही फ्लेक्स गुंडाळून पडले होते, त्यातला एक शालूबाईनं ओढून आणला आणि शिडीला आडवा बांधला. बंडूनं न सांगता दुसरं टोक धरलं. खालचे पुढारी तिनं आत दुमडले. वर राहिला हार घातलेला ज्ञानू, हसरा.

दुपारपर्यंत सगळा दवाखाना येऊन बघून गेला. मग गणपतराव आले, पाठोपाठ धैर्यशील. दोघं एका जागी उभे राहिलेले पहिल्यांदाच दिसत होते.

"वहिनी, ही आमची बदनामी हाय. काढा ते," गणपतराव म्हणाले. धैर्यशीलनं मान हलवली.

"काढा की तुमीच," शालूबाई म्हणाली. "काढा, आन् चढा वर. सकाळधरनं पानी न्हाय आलेलं."

दोघांनी सुतळीची पायरी बघितली, मग एकमेकांकडं बघितलं. कुणी हात पुढं केला नाही. शालूबाईनं बादली उचलली आणि वॉर्डासाठी पाणी आणायला खालच्या हौदाकडं निघाली.