बाळंतिणीचं चिंगम

सिझर झालेल्या बाईला लिंबायतच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात एकच प्रश्न विचारला जायचा, आणि तोही दिवसभर, मराठीत, हिंदीत, गुजरातीत: गॅस पास झाला का? झाला, तर चहा. नाही झाला, तर पाणीसुद्धा घोटभरच. बिचाऱ्या बाया चहापायी बेधडक खोटं बोलायच्या. सिस्टर लोकही त्यात मुरलेल्या. त्या पेशंटला सोडून तिच्या सासूलाच विचारायच्या.

विशाखा सिस्टरच्या डोक्यात मात्र महिन्याभरापासून दुसरंच शिरलं होतं. सिझरनंतर बाईला बिनसाखरेचं चिंगम चघळायला दिलं, तर आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती लवकर हलायला लागतात. हे काही तिनं मोबाइलवरच्या फॉरवर्डमध्ये वाचलं नव्हतं. ठिकठिकाणच्या दवाखान्यांनी कितीतरी बायांना देऊन, बघून, मग लिहिलेलं होतं. वाचायला वेळ काढून दिला तो हेड सिस्टर आनंदीताईंनी. "जा, स्टोअररूममध्ये बसून नीट वाच, तुझे पेशंट मी बघते," असं कोणती हेड सिस्टर म्हणते? बाकी ठिकाणी सिस्टरच्या हातात वाचायचं काही दिसलं, की हिला काम कमी पडतंय असंच समजतात.

पण विशाखाचं घोडं अडायचं ते बोलण्यापाशी. गेल्या वर्षी तिनं राउंडला असंच काहीतरी सुचवलं, तेव्हा दवाखान्याचे मोठे डॉक्टर गज्जर साहेब "तू डॉक्टर केव्हा झाली?" म्हणाले आणि सगळे हसले. तेव्हापासून पोरीनं तोंडाला कुलूप घातलं. म्हणून या खेपेला आनंदीताईंनी तिला साहेबांपुढे उभंच केलं. "विशाखाला काही सांगायचंय," एवढंच त्या बोलल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. विशाखानं अडखळत, घाम पुसत सगळं सांगितलं.

लिंबायतच्या मराठी पेशंटांमध्ये राहून साहेबांची मराठी बरी झाली होती, अर्धी गुजराती असली तरी. ते म्हणाले, "चालो, एका पेशंटला दे. उद्याच्या राउंडपर्यंत झालं तर ठीक, नाही तर हा विषय बंद."

विषय बंद म्हणजे आपणही बंद, हे विशाखाला पक्कं ठाऊक होतं. पुन्हा असं तोंड उघडायचं बळ तिच्यात उरलं नसतं.

पेशंट ठरली सुषमा. त्याच दुपारी तिचं सिझर झालं होतं, मुलगी गुटगुटीत होती. नवरा चेतन पावरलूमवर कामाला. त्याला चिंगम आणायला पाठवलं, तर पठ्ठ्या पानाच्या टपरीवरून पोराटोरांचं फुगे काढायचं गुलाबी बबलगम घेऊन आला. त्याला पुन्हा मेडिकलवर पिटाळलं. मग सुषमाची सासू धुरपदाबाई उठली. ती मूळची अमळनेरकडची, बोलीही तिकडचीच, आणि तिचा आवाज वॉर्डाच्या दोन्ही टोकांना पोचायचा.

"हाई काय शे वं माय? पोट फाडेल शे तिनं, आन् तू तिले चिंगम देस?"

विशाखानं तिला समजावलं. धुरपदाबाईला ते पटलं नाही, पण सुनेला मजा वाटली. ती सिनेमातल्या हिरोइनीसारखी ऐटीत चघळत बसली आणि शेजारच्या खाटांवरच्या बाया टकामका बघत राहिल्या. विशाखा घरी गेली खरी, पण जेवणात तिचं लक्ष नव्हतं.

सकाळी ड्युटीवर आल्या आल्या तिनं सुषमाची खाट गाठली. सुषमा हसत म्हणाली, "झालं सिस्टर. पहाटेच झालं."

विशाखाला आनंदानं ओरडावंसं वाटलं. ती आनंदीताईंकडे धावणार, एवढ्यात मागून धुरपदाबाई म्हणाली, "खोटं बोलस ती. मी रातभर जागी शे."

सुषमा ओशाळली. "साहेब तुम्हालाच बोलतील ना, सिस्टर," ती पुटपुटली. "माझं काय जातं हो म्हणायला?"

तिकडे वॉर्डाच्या दारात साहेबांचा आवाज आलाच. हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढं सोपं होतं. सुषमा सांगायला तयार, सासूला हळूच गप्प करता आलं असतं. आनंदीताईंनी विशाखाच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्या येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. "जे आहे ते सांग. पुढचं आपण दोघी बघू."

साहेब खाटेशी आले. "बोल, झालं?"

"नाही, साहेब. अजून नाही."

"मग विषय बंद."

"नाही, साहेब." हे आपणच बोललो यावर विशाखाचा क्षणभर विश्वास बसेना. पण कुलूप एकदा निघालं ते निघालंच. "एका बाईवरून कसं ठरेल? कुणाला लवकर होतं, कुणाला उशिरा. ज्यांनी लिहिलंय त्यांनी पुष्कळ बायांचं बघितलंय. आपणही पुष्कळ जणींना देऊन बघू, मग बंद करायचं की नाही ते ठरवू."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते काही बोलणार, तेवढ्यात सुषमाच्या खाटेवरून आवाज आला. चांगला दणदणीत, लांबलचक, ज्याला साक्षीदार लागत नाही असा.

"व्हयना," झाल्याची दवंडी पिटत धुरपदाबाई हात वर करून उठली. "व्हयना वं माय, व्हयना."

आख्खा वॉर्ड टाळ्या पिटायला लागला. टाके पडलेल्या बाया पोट धरून हसत होत्या, दुखतंय म्हणत होत्या आणि तरी हसत होत्या. सुषमानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवावं असं तिला मुळीच वाटलं नाही. इतकी खूश ती नर्सिंगच्या निकालाच्या दिवशीही झाली नव्हती.

साहेबही हसले. "एकदम सरस. आजपासून सगळ्यांना चालू करा. सिद्ध झालं."

आता गप्प बसली असती तर विशाखाचं काही बिघडणार नव्हतं. मनासारखं सगळं पदरात पडलं होतं.

"सिद्ध नाही झालं, साहेब," विशाखा डोळे पुसत म्हणाली. "मघाशी झालं नव्हतं तेव्हाही एकच बाई होती, आता झालं तेव्हाही एकच आहे. सगळ्यांना द्यायचं ते त्या लिहिलेल्यावर विश्वास ठेवून."

साहेबांनी तिच्याकडे जरा रोखूनच पाहिलं. "आणि उद्या कुणाला लागू पडलं नाही, तर काय सांगशील मला?"

"नाही पडलं म्हणून सांगेन, साहेब," विशाखा म्हणाली. "आणि परवाच्या बाईला पुन्हा देईन."