रशिया गेला

सिंदी रेल्वे या गावात कमलाबाईच्या चहाच्या टपरीवर समोरासमोर दोन बाकं आहेत. एकावर रशिया बसायचा, दुसऱ्यावर अमेरिका.

रशिया म्हणजे निवृत्त शिक्षक प्रभाकरराव. तिकडून येणाऱ्या गुळगुळीत मासिकाची कव्हरं वह्यांना घालून ते शिकले आणि जन्माचे त्या देशाचे झाले. अमेरिका म्हणजे पोस्टातले माजी कारकून हरिभाऊ. दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन त्यांचं घर जगलं होतं, आणि हरिभाऊ खाल्ल्या अन्नाला जागणारे. दोघे लंगोटीयार, भांडायचे ते फक्त अणुबॉम्बवरून. पण एक्क्याण्णव साली सोव्हिएत संघ मोडला आणि हरिभाऊंनी "रशिया गेला" म्हणत गावभर जिलबी वाटली. एक पुडा प्रभाकररावांच्या घरीही पाठवला. झालं, तेव्हापासून अबोला. काही सांगायचंच झालं तर कमलाबाईच्या मार्फत. ती दोघांना सारखाच चहा द्यायची आणि बाजू कुणाचीच घ्यायची नाही. अलिप्ततावाद कुणी खरा पाळला असेल तर त्या बाईने.

परवा हरिभाऊ आले तर समोरचं बाक रिकामं. विचारायचं नाही असा त्यांचा पण होता, पण अर्ध्या चहातच तो मोडला.

"कमलाबाई, ते बाक खाली काऊन हाय?"

"रशिया गेला ना," भजी तळता तळता बाई म्हणाली.

हरिभाऊंनी बशी बाकावर ठेवली. "कधी?"

"सकाळच्या पॅसेंजरच्या टायमाले."

"लय तरास झाला का?"

"डोळ्याचा होता तेवढा. बाकी हसत गेला."

"आन् त्याच्या घरच्या, आनंदावैनी?"

"त्याही गेल्या संगंच. एकट्याले कशी जाऊ देईन बाई?"

हरिभाऊ चहा तसाच टाकून उठले. 'कुठे' एवढा एक शब्द विचारला असता तर काम भागलं असतं. पण गेलेल्या माणसाबद्दल 'कुठे गेला' असं कोणी विचारतं का?

बाजारातून त्यांनी वैनींसाठी फुलं आणि प्रभाकररावांसाठी हार घेतला, तोही मुद्दाम लाल फुलांचा. शेवटी तरी माणसाच्या तत्त्वांचा मान राखावा. प्रभाकररावांच्या दाराला कुलूप होतं. म्हणजे नेलंही, आणि आपल्याला कोणी कळवलं नाही. कळवणार तरी कशाला, आपण जिलबी वाटणारे. हरिभाऊ ओट्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून पोटभर रडले.

उन्हं कलली तेव्हा दारात ऑटो थांबला. आधी आनंदाबाई उतरल्या, मागून एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले प्रभाकरराव.

"वर्ध्याले गेलतो, मोतीबिंदू काढाले," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमी काऊन बसून राह्यले, भाऊजी?"

प्रभाकररावांनी उघड्या डोळ्याने आधी हार पाहिला, मग सुजलेले डोळे पाहिले. त्यांना सगळं उमगलं.

"मागच्या टायमाले रशिया गेला तवा जिलबी आणली होती," ते म्हणाले. "या टायमाले नाई आणली?"

"वैनी, याले सांगा..." हरिभाऊ सवयीने म्हणाले आणि थांबले. मग इतक्या वर्षांनी सरळ प्रभाकररावांकडे पाहून बोलले, "परभ्या, तू गेला असता तं मी अबोला कोणासंग धरला असता?"

प्रभाकररावांनी मान पुढे केली आणि हार घालून घेतला.