तिसऱ्या मजल्यापर्यंत

शिंपीणबाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, पुढच्या खोलीतच शिवायच्या. वरच्या, चौथ्या मजल्यावरून तो पँट आखूड करून घ्यायला आला होता. तिच्या पायाला टाचणी लावत त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या बंधुराजांच्या पत्राला उत्तर का दिलं नाहीत?" आणि त्याला ते पत्र आठवलं. हिवाळ्यात आलं होतं. वाचून त्याने पुस्तकात खुणेला ठेवलं होतं. दुसरी कसली योग्यता त्यात दिसली नव्हती.

धाकट्याचे संकल्प सगळ्या घराला पाठ होते. बासरी आणली, ती फुंकण्याऐवजी पुसण्यातच दिवस गेले. परकी भाषा 'नमस्कार'च्या पुढे सरकली नाही. पहाटे पळायला म्हणून बूट घेतले, ते पुढे बाजारात जायला वापरले. पुतणीच्या लग्नात तो पोहायला शिकणार असल्याचं सांगू लागला, तेव्हा थोरल्याने भरल्या पंगतीत म्हटलं होतं, "आमचे आरंभशूर! आता पाण्यातही आरंभ करणार." लोक पोट धरून हसले. त्यानंतर धाकटा वर, चौथ्या मजल्यावर, कधी आला नाही.

मग झटका येऊन त्याची उजवी बाजू लुळी पडली, आणि बरा होताहोता हे पत्र. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलंय, माझं घर तळमजल्यावर, तुझ्या इमारतीचा जिना वापरू का? दर रविवारी थोडं जास्त चढायचं ठरवलंय. चौथ्यापर्यंत आलो तर दार वाजवू का?

जिना उसना मागणारा माणूस त्याने प्रथमच पाहिला होता.

"त्याला काय उत्तर द्यायचं?" तो म्हणाला. "नव्याचे नऊ दिवस. आला तरी असेल का एकदा?"

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"दर रविवारी दुपारी येतात. आधी पहिल्या वळणावरच धापा टाकत बसायचे. मग दुसरा मजला. आता इथवर येतात, मी स्टूल देते. तुम्हाला पत्ताच नाही?"

"मी दुपारी वाचत असतो."

"वाचा, वाचा."

"आणि चौथ्यावर?"

"नाही येत. महिना झाला, इथूनच परततात."

"बघा!" त्याला बरंच वाटलं. "सोडलं ना शेवटी? शेंडी तुटो की पारंबी, असं काही त्याच्या रक्तातच नाही."

"हलू नका, टोचेल. सोडलं कुठे? पाय आता ठणठणीत चालतात. मीच म्हटलं, जा की वर. म्हणाले, दादाला विचारलंय, त्याचं उत्तर आलं नाही."

तो आरशाकडे बघत राहिला. पँटचा एक पाय दुमडलेला, एक लोंबता.

"जिने काय कमी आहेत?" तो म्हणाला. "त्या दवाखान्यालाच केवढा जिना आहे."

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तिथे वर ओळखीचं कोणी नाही."

रविवारी जेवण झाल्यावर तो लिहायला बसला. आधी तब्येतीची चौकशी लिहिली, ती खोटी वाटली. मग त्या पंगतीबद्दल दोन ओळी लिहिल्या, त्या पुस्तकी वाटल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाचून नाकं मुरडली, आणि स्वतःला एक धड वाक्य जमेना. शेवटी एकच शब्द उरला. तो घडी घालून त्याने पाकिटात टाकला, पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि चपला घातल्या.

तिसऱ्या मजल्यावर धाकटा स्टुलावर बसला होता. काठी भिंतीला टेकवलेली. केस पार पिकलेले. दादाला पाहून तो उठू लागला.

"बस, बस."

"बाहेर निघालास?"

"जरा पोस्टाच्या पेटीपर्यंत."

धाकट्याने पाकिटाकडे पाहिलं नाही. "सांभाळून उतर. पहिल्या वळणावरची फरशी हलते."

इतकी वर्षं इथे राहून ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पाकीट तिथेच देता आलं असतं. हातभर तर अंतर होतं. त्याने ते दुसऱ्या हातात घेतलं, छातीशी धरलं आणि कठड्याच्या बाजूने खाली उतरला.

रस्त्यात कोणी नव्हतं. पेटीच्या तोंडात पाकीट सरकवून त्याने सोडलं, आणि ते आत अडकलं तर नाही ना, म्हणून फटीत बोटं घालून पाहिली.