पोत्याखालचे लाडू

खारीच्या पोटाखाली फुगवटा दिसला आणि केवळाबाईंनी ठरवूनच टाकलं, कुत्री गाभण आहे. अर्धापूरच्या त्यांच्या केळीच्या बागेत खारीनं सात वर्षं राखण केली, पण तिला कधी पिल्लं झाली नव्हती. आता बाईंच्या आनंदाला पारावार उरला नाही. लेकीच्या बाळंतपणातला डिंक उरला होता, त्याचे लाडू वळले. जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं, गोठ्यात पोतं अंथरलं. नवरा शेषेराव डॉक्टरांना दाखवू म्हणाले, तर त्यांचंच हसं झालं. चार बाळंतपणं केलेल्या बाईला हा गडी शिकवणार! दोन महिने सरले, तिसराही सरला. पहिलटकरणीचं मागंपुढं व्हायचंच, असं बाई सांगत राहिल्या. माणसाला हवं तेच दिसतं, दुसरं काय.

फुगवट्यातली गाठ फुटली, खारी खोकू लागली, तेव्हा तिला रिक्षात घालून नांदेडला नेलं. डॉक्टर मंजुश्रीबाईंनी एक्स-रे काढला. स्तनाचा कॅन्सर होता, फुप्फुसापर्यंत पोचलेला.

“आधी आणली असती तर?” केवळाबाईंनी विचारलं.

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. “गाठ काढता आली असती कदाचित. पण मावशी, तुम्ही हयगय नाही केली. तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

मग त्यांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या आणि समजावलं, आवडीचं खाते तोवर घरी ठेवा. ज्या दिवशी तोंड फिरवेल, त्या दिवशी फोन करा, मी येऊन इंजेक्शननं तिला सोडवीन.

बाईंनी तेवढंच घट्ट धरलं. रोज सकाळी लाडवात गोळी दाबून त्या गोठ्यात जात. खारी उठत नसे, पण लाडू तोंडात घेई आणि शेपटी दोनदा आपटी. बाई ओसरीवर येऊन सांगत, खाल्ला बघा. शेषेराव खारीच्या बरगड्या बघत राहत.

सातव्या दिवशी ओलं झालेलं पोतं बदलायला बाईंनी उचललं. खाली चार लाडू होते. लाळेनं भिजलेले, माती लागलेले, अख्खे. गोळ्या आतच होत्या. मालकिणीचा हात परत जाऊ नये म्हणून खारी लाडू घेत होती, आणि बाई वळल्या की पोत्याखाली सारत होती. चार दिवस ती उपाशी, बिनगोळीची सोसत होती.

केवळाबाईंचं काळीज फाटलं. त्या तिथंच बसून रडल्या. मग त्यांनी स्वतःच फोन लावला.

“डॉक्टरबाई, चार दिस झाले, लेकरू खाऊन न्हाई राहिलं. मला दुसऱ्यांदा बी कळलं न्हाई. आज या.”

दुपारी डॉक्टर आल्या. बाईंनी दुपटं खारीवर पांघरलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. या खेपेला त्यांनी हात रिकामाच पुढं केला. खारीनं तो हुंगला, हळूहळू चाटला, आणि शेपटी दोनदा आपटली.

मग बाईंनी डॉक्टरांकडं बघून होकाराची मान हलवली.