हिरवं की निळं

ऑपरेशनमध्ये जठराची भिंत जाड असेल तर शिवण मारायच्या स्टेपलरमध्ये पिनांचं हिरवं काडतूस घालतात, पातळ असेल तर निळं. त्या दिवशी मी मोठ्या सर्जनना म्हटलं, "साहेब, इथे हिरवं लागेल."

"सिस्टर, तुझं काम हातात देण्याचं, अक्कल पाजळण्याचं नाही."

त्यांनी निळं मारलं, शिवण गळली, पेशंट गेला. खापर माझ्या डोक्यावर फोडून ते मोकळे झाले.

आज जठराच्या ऑपरेशनला टेबलावर तेच होते. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "सिस्टर, माझी भिंत जाड आहे हो. तुम्ही हिरवंच द्याल ना?"

"माझं काम हातात देण्याचं, साहेब."

हिरवं मी सकाळीच ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. हे त्यांना सांगितलं, पण भूल पुरती चढल्यावर.