बॅकस्पेस दाबलं की मदत का येते?

शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या तळघरातल्या कॉम्प्युटर टर्मिनलच्या खोलीत पाऊल टाकलं, की अराक्सीला वाटायचं आपण पाण्याखाली आलो. बाहेर चार्ल्स नदी गोठून पांढरी पडलेली आणि आत काळ्या पडद्यांवर हिरवी अक्षरं माशांसारखी सुळसुळत असायची. इथे बोलतानाही सगळ्यांचा आवाज खाली यायचा. शाळेत तासाला तीनदा ‘टॅशजियन, गप्प बस’ ऐकणारी अराक्सी इथे मात्र आपण होऊन कुजबुजायची.

त्या खोलीत कुणीही पाहुणा म्हणून येऊ शकत असे. शाळकरी पोरं, निवृत्त माणसं, थंडीपासून पळालेले, सगळे. मशीन सांभाळायचा लेम. भर बर्फात मोज्यांवर सँडल घालून फिरणारा, दाढीत नेहमी बिस्किटाचा चुरा. त्याचा नियम एकच होता: एडिटर, म्हणजे आपण ज्यात लिहितो तो प्रोग्राम, सगळ्यांचा आहे, हवा तसा बदला, पण तुमच्या बदलामुळे जो पहिला रडेल, त्याच्या शेजारी जाऊन तुम्हीच बसायचं. लेम बसणार नाही.

आणि गेल्या शनिवारी अराक्सीने बदल केला होता. केवढा मोठा! सगळ्यांचा एडिटर उघडताना जी सामाईक फाइल वाचतो ना, थेट तिच्यातच.

झालं होतं असं, की नवा पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. “अगं, मी चूक खोडायला बॅकस्पेस दाबतो आणि हा मला मदत देत सुटतो. मी मागितलीये का मदत?” मग अराक्सीने समजावायचं, की इथली बॅकस्पेसची कळ आणि कंट्रोल-एच ही जोडी एडिटरला एकच खूण पाठवतात आणि त्या खुणेचा अर्थ ‘मदत’, खोडायला ती दुसरी कळ, डिलीट. पाहुण्याने मान डोलवायची आणि दोन मिनिटांत पुन्हा बॅकस्पेस दाबायचं. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. शेवटी तिने चार ओळी लिहिल्या आणि बॅकस्पेसला सरळ खोडायला लावलं. सगळ्यांसाठी! घरी जाताना बसमध्ये तिला वाटत होतं, आपण जगातला एक अख्खा प्रश्न संपवून टाकला.

आज ती आईने बांधून दिलेला चोरेग, म्हणजे त्यांच्या वॉटरटाउनच्या वस्तीतला गोड वेणीपाव, कुरतडत बसली होती. इतक्यात खिडकीजवळून आवाज आला, अगदी हळू.

“अरे देवा. माझं धुकं गेलं.”

त्या मिसेस टिबेट्स होत्या. मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा बेटावर वाढलेल्या, आता इथे एकट्या राहणाऱ्या. दर शनिवारी लोकरी टोपी घालूनच टाइप करायच्या. अराक्सी धावली. त्यांच्या पडद्यावर काही म्हणजे काही नव्हतं. डाव्या कोपऱ्यात कर्सर तेवढा लुकलुकत होता.

“कसलं धुकं?”

“आमच्या बेटावरचं गं. सकाळपासून लिहीत होते. पानभर झालं होतं. मग शब्द अडला, म्हणून नेहमीची कळ दाबली आणि डोळे मिटून बसले. उघडले तर हे.”

“नेहमीची कळ?”

“ही.” त्यांनी बॅकस्पेसवर बोट ठेवलं. अजूनही ठेवलं! अराक्सीने ते पटकन उचललं. “ही दाबली की खाली तो विचारतो ना, काय मदत हवी म्हणून? मला कुठे काय हवं असतं. मी नुसती कळीवर बोट टेकून डोळे मिटते. कुणीतरी विचारलंय, एवढं पुरतं. मग शब्द येतो आपोआप.” आणि त्या हसल्या. “घरी कोण विचारतंय आता?”

अराक्सीला उलगडलं. साऱ्या जगाला छळणारी ती कळ या एका बाईची मैत्रीण होती, आणि आपण तिच्या हातात सुरी दिली. डोळे मिटलेले असताना बोट टेकून राहिलं, आणि कळीने मागे मागे सरकत अक्षर अक्षर करून अख्खं पान गिळलं.

“लेम!”

लेम आला, कप हातात, पडद्याकडे बघून शीळ घातली. “बाईंनी सेव्ह केलं होतं?”

“पान पुरं व्हायच्या आधी कसं करणार?” मिसेस टिबेट्स म्हणाल्या. “अर्धं धुकं कुणी जपून ठेवतं का?”

“आणि एडिटर आपणहून जपतो ते?” अराक्सीने विचारलं.

“बघितलं. त्याने रिकामं पान अगदी काळजीने जपलंय.” लेमने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “बाराला मशीन बंद होणार, डिस्क बदलायचीये. एडिटर मिटला की खोडलेल्याची त्याची आठवणही मिटली. बस शेजारी, राणीसाहेब. नियम तो नियम.”

“आणि पान परत नाही आलं तर?”

“तर सामाईक फाइलीला पाहुण्यांनी हात लावायचा नाही, असा दुसरा नियम करावा लागेल मला. आणि मला दोन नियम आवडत नाहीत.”

बाराला थोडाच वेळ उरला होता. अराक्सीने खुर्ची ओढली. कंट्रोल आणि खालच्या रेघेची कळ, दोन्ही एकदम दाबल्या. अंडू, म्हणजे केलेलं उलटं फिरव.

एक अक्षर आलं. मग दुसरं. तिने बोट दाबूनच ठेवलं आणि कोऱ्या काळोखातून शब्द वर येऊ लागले, जसं खाली पडलेलं हिम पुन्हा आभाळात चढावं. मिसेस टिबेट्स ओठांतल्या ओठांत वाचू लागल्या. धुकं दुपारचं, उनाड मुलासारखं. धुकं पहाटेचं, समुद्र श्वास सोडतो ते. धुकं असं दाट, की स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा वाटावा. ओळीमागून ओळ. खिडकीबाहेर बर्फ पडत होता की वर जात होता, अराक्सीला सांगता आलं नसतं. पान भरत गेलं आणि तिचा श्वास सुटत गेला. ती इतकी गुंगली, की पान पूर्ण भरल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

शेवटची ओळ पुन्हा विरू लागली.

“अगं अगं, जातंय!”

कारण एडिटरला कुठे थांबायचं ते काय ठाऊक? खोडलेलं परत दिलं, आता त्याच्याही मागे निघाला तो, सकाळच्या दिशेने, बाईंनी जे जे लिहिलं होतं ते उलगडत. अराक्सी बोट उचलणार, एवढ्यात पानाच्या मध्यावर एक वाक्य उगवलं. मघाशी पूर्ण पानात ते नव्हतं.

*धुकं उतरलं की आई खडकावर उभी राहून तवा बडवायची, बाबांच्या होडीला किनारा ऐकू यावा म्हणून. तिचा हात दुखला की मी बडवायचे.*

“थांब,” मिसेस टिबेट्स म्हणाल्या.

अराक्सी थांबली.

“हे मी सकाळीच खोडलं होतं. म्हटलं, धुक्यावर लिहायचंय, आईवर कशाला.” त्यांनी टोपी काढली. पहिल्यांदाच. पांढरे केस कापसासारखे फुलले. “एक दिवस आम्ही दोघी बडवून बडवून दमलो, आणि बाबा आले. नुसते आले, दाराशी, ओले. आई म्हणाली, जेवायला बसा.” मग त्यांनी विचारलं, “हे ठेवता येईल का गं? म्हणजे सगळंच?”

“येईल!” अराक्सी इतक्या मोठ्याने ओरडली, की पलीकडच्या टेबलावरच्याने डुलकीतून मान वर केली. आणि मग कुजबुजत, “येईल.”

तिने ते वाक्य अलगद उचलून बाजूला घेतलं, नक्कल करून. मग कर्सर जरासा हलवला. बस, तेवढ्याने मागे जाण्याची साखळी तुटते आणि पुढचा अंडू मघाच्या अंडूंनाच उलटवतो. कारण हा एडिटर तुमचं मागे फिरणंसुद्धा विसरत नाही. शेवटच्या ओळी परत उतरल्या, आईचं वाक्य पुन्हा लपलं. अराक्सीने मिसेस टिबेट्सना विचारलं, कुठे? त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं, आणि तिने ते तिथे ठेवलं.

सेव्ह. पडद्याच्या तळाशी ‘लिहिलं’ अशी खूण आली.

“चार मिनिटं आहेत,” लेम मागून म्हणाला. “आणि तुझा बदल?”

“तो राहणार,” अराक्सी म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, आवाज जराही कापला नाही. “बाकी सगळ्यांना खोडायलाच हवंय.”

“आणि बाई?”

“बाईंची स्वतःची फाइल आहे की, सामाईक फाइलीनंतर एडिटर ती वाचतो.”

तिने ती उघडली. रिकामीच होती, आजवर त्यांना काही बदलावंसं वाटलंच नव्हतं. अराक्सीने तिच्यात एक ओळ लिहिली, बॅकस्पेसला तिचं जुनं काम परत देणारी. वर अर्धविराम टाकून, म्हणजे एडिटरने वाचू नये आणि माणसाने वाचावं म्हणून, तिने लिहिलं: *ही कळ विचारते. हिला विचारू द्या.*

“बघू,” मिसेस टिबेट्स म्हणाल्या. एडिटर मिटला, पुन्हा उघडला. त्यांनी बोट टेकलं.

तळाच्या ओळीत प्रश्न उमटला. त्यांनी डोळे मिटले. अराक्सीने उरलेला चोरेग मोडून अर्धा त्यांच्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि घड्याळाकडे पाठ करून बसली. बारा वाजले तेव्हा लेमचा हात मशीन बंद करायच्या बटणापाशी गेला होता, पण त्याने तो तसाच खिशात घातला आणि खिडकीबाहेर बर्फ बघत उभा राहिला.