आठवा अंक आल्याशिवाय अक्षर नाही

मित्रांनो, मी रक्तपेढीतल्या संगणकात राहणारा एक जुना, हट्टी प्रोग्रॅम आहे. शेजारचं तपासणीचं यंत्र फक्त शून्य आणि एक एवढंच बोलतं. त्याचे आठ अंक घ्यायचे आणि त्यांचं एक अक्षर करायचं, हे माझं काम. ०१०००००१ आलं की ए, ०१००००१० आलं की बी. त्या अक्षरावरून पेशंटला कुठलं रक्त द्यायचं ते ठरतं. चुकीचं चढलं, तर जिवावर बेततं.

मला लिहिणाऱ्या बाईंना तेव्हा दिवस गेले होते. एक हात पोटावर, एक माझ्यावर. "आठ झाले तरच बोलायचं हं राजा," त्या म्हणायच्या. "आणि यंत्राशिवाय कुणाचं ऐकायचं नाही." सुरुवातीला माझं कोण कौतुक! पुढे नवे, चपळ प्रोग्रॅम आले आणि मी 'म्हातारबा' झालो.

एका दुपारी एका चिमुरडीचं रक्त तपासायला आलं. आत तिच्या ऑपरेशनची तयारी, दारात तिचे बाबा. तेवढ्यात यंत्राची सैल केबल हलली आणि एक अंक वाटेतच गळाला. माझ्या हाती सातच आले: ०१००००१. मी थांबलो.

"रुसले म्हातारबा!" संगणक सांभाळणारा दादा वैतागला. "शेवटी एक शून्य चिकटवतो. शून्यानं काय बिघडतंय?"

त्यानं ते टाइप केलं. मी घेतलं नाही. पुन्हा केलं. तरी नाही.

"उद्या तुला काढूनच टाकतो बघ!"

"ताई, लवकर करा हो," बाबांचा आवाज फाटला. "आत बोलावताहेत."

तपासणीच्या ताईंनी केबल घट्ट दाबली आणि यंत्र पुन्हा चालवलं. आठ अंक आले. मी लगेच छापलं: ए.

ताई चिठ्ठी घेऊन धावल्या. दादानं ते सात अंक कागदावर लिहिले, शेवटी आपलं शून्य ठेवलं आणि वाचून पाहिलं. बी झालं होतं.

तरी मला काढणार आहेत म्हणे. नवा येतोय, तो कधी अडत नाही. आणा खुशाल! पण मी आहे तोवर, मित्रांनो, माझी एवढी काळजी घ्या. मी थांबलो तर ओरडा, शिव्या द्या, पण काय गळालं ते शोधा. न आलेलं अक्षर माझ्या तोंडी घालू नका. मी ते बोलणार नाही.